भावकाविना कविशिक्षा

माझ्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. करू इच्छिणाऱ्या एका विद्यार्थ्याने संशोधनासाठी एक विषय मांडला होता. ना. सी. फडके यांच्या 'प्रतिभासाधन'पासून आजच्या इंग्रजीतील स्वप्रकाशित कादंबरीकारांच्या पॉडकास्टपर्यंत लेखनतंत्राच्या शिकवणुकीचे स्वरूप कसे बदलत गेले, याचा तौलनिक अभ्यास त्याला करावयाचा होता. विद्यापीठाच्या संशोधन समितीने आराखडा परत पाठवला. एका सदस्यांच्या मते विषय वृत्तपत्रविद्येचा होता. दुसऱ्या सदस्यांनी 'यात साहित्य कोठे आहे?' असा प्रश्न केला. पहिल्या आक्षेपाला उत्तर देण्याचे कारण नाही. ज्याची आपल्याला माहिती नाही तो विषय शेजारच्या विभागाचा असतो, ही आपल्या विद्यापीठांतील जुनी समजूत आहे. दुसरा प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो ज्या तुच्छतेने विचारला गेला ती बाजूला ठेवली तर समीक्षेच्या दृष्टीने मूलभूतही आहे. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाच्या उत्तरादाखल लिहिला आहे.

या घटिताविषयी आपल्याकडे दोनच भूमिका घेतल्या जातात. एक भूमिका उत्साहाची: प्रकाशकाची मक्तेदारी मोडली, लेखक स्वतंत्र झाला, साहित्याचे लोकशाहीकरण झाले. दुसरी तिरस्काराची: हे सारे बाजारू आहे, गंभीर समीक्षेने त्याकडे पाहू नये. या दोन्ही भूमिका घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी अशा कार्यक्रमाचा एकही भाग पूर्ण ऐकलेला नसतो, हे मी अनुभवाने सांगू शकतो, कारण दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीही त्यांतलाच होतो. विद्यार्थ्याच्या हट्टामुळे ऐकू लागलो आणि मग थांबलो नाही.

आधी वस्तुस्थिती पाहू. 'पॉडकास्ट' हा शब्द २००४ साली 'गार्डियन'मधील एका लेखात प्रथम आला आणि २००५ साली ॲपलने आपल्या आयट्यून्समध्ये अशा श्राव्य मालिकांना जागा दिली. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये ॲमेझॉनचे किंडल बाजारात आले आणि त्याबरोबरच लेखकाला आपले पुस्तक स्वतः विक्रीस ठेवण्याची सोयही आली. २०१० साली विशिष्ट किमतीच्या पुस्तकांवर लेखकाला ७० टक्के वाटा मिळू लागला. मराठीत दहा-पंधरा टक्के मानधन आणि तेही हिशेबाविना, अशी सवय असलेल्या वाचकाला या आकड्याचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. २०११ साली अमांडा हॉकिंग या अमेरिकन लेखिकेला तिच्या स्वप्रकाशित कादंबऱ्यांच्या खपामुळे एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने वीस लाख डॉलरचा करार देऊ केला आणि या मार्गाची दंतकथा तयार झाली.

या मार्गावरचा नमुनेदार प्रवासी म्हणून मार्क डॉसन या ब्रिटिश कादंबरीकाराकडे पाहता येईल. २००० च्या सुमारास त्याच्या कादंबऱ्या प्रस्थापित प्रकाशनसंस्थेने काढल्या आणि त्या फारशा कोणाच्या लक्षात आल्या नाहीत. दशकभराने तो किंडलकडे वळला आणि एका मारेकरी नायकाची थरारकथा-मालिका त्याने स्वतः प्रकाशित करण्यास सुरुवात केली. (या नायकाचे नाव जॉन मिल्टन आहे. इंग्रजी विभागातील मित्रांनी याची दखल घ्यावी.) २०१५ साली 'फोर्ब्ज'ने त्याची या विक्रीतून होणारी कमाई वर्षाला साडेचार लाख डॉलर असल्याचे वृत्त दिले. यानंतर जे झाले ते महत्त्वाचे. डॉसन इतर लेखकांना शिकवू लागला: पुस्तकाच्या जाहिराती कशा कराव्यात याचे शुल्क भरून घ्यावयाचे अभ्यासक्रम आले, आणि २०१६ पासून जेम्स ब्लॅच या सहनिवेदकासह स्वप्रकाशनावरील साप्ताहिक पॉडकास्ट आला. ब्लॅच पूर्वी बीबीसीचा वार्ताहर होता. लेखकांच्या मुलाखती घेता घेता त्याने स्वतःची कादंबरी लिहावयास घेतली आणि पुढे ती स्वतःच प्रकाशित केली. श्रोत्यांनी हा प्रवास वर्षानुवर्षे ऐकला.

दुसरे उदाहरण जोआना पेन हिचे. तिने २००८ साली नोकरीत समाधान कसे शोधावे या विषयावरचे पुस्तक स्वखर्चाने छापले, त्याच्या पुष्कळशा प्रती विकल्या गेल्या नाहीत, आणि तो फजितीचा प्रसंग ती आजही सांगते. २००९ साली तिने लेखन आणि प्रकाशन या विषयांवरील पॉडकास्ट सुरू केला. पहिली कादंबरी आली ती २०११ साली, आणि त्याच वर्षी तिने संगणक-सल्लागाराची नोकरी सोडली. क्रम लक्षात घ्यावा. येथे लेखनावर बोलणे आधी आहे आणि कादंबरी नंतर. डॉसनच्या बाबतीत कादंबरी आधी, शिकवणूक नंतर. ब्लॅचच्या बाबतीत निवेदन आधी, कादंबरी नंतर. म्हणजे आपण ज्याला 'कादंबरीकार ते पॉडकास्टकार' असा सरळ रेषेतील प्रवास समजतो, तो वस्तुतः वर्तुळाकार आहे. कादंबरीच्या जोरावर शिकवण्याचा अधिकार मिळतो, शिकवण्याच्या जोरावर श्रोता मिळतो, श्रोत्यांतून पुन्हा कादंबरीचे ग्राहक आणि नवे कादंबरीकार मिळतात. अर्थव्यवहार म्हणून यात गैर काही नाही. माझा प्रश्न या वर्तुळात वाचकाचे काय होते, हा आहे.

कादंबरीकार कोणाशी बोलतो? वाचकाशी; म्हणजे ज्याला स्वतः कादंबरी लिहावयाची नाही अशा माणसाशीही. पॉडकास्टवरील तोच कादंबरीकार ज्याच्याशी बोलतो, तो होतकरू लेखक असतो. अनेक महिने हे कार्यक्रम ऐकताना माझ्या ध्यानात आलेली पहिली गोष्ट ही, की त्यांत 'वाचक' हा शब्द सतत येतो, पण वाचक कधी येत नाही. येतो तो विक्रीच्या तक्त्यावरील एक आकडा म्हणून: पहिल्या भागाचे किती वाचक दुसऱ्या भागापर्यंत पोचतात, पहिला भाग फुकट दिला तर पुढील भागांच्या विक्रीत काय फरक पडतो, टपालयादीतील कितीजण पत्र उघडतात. किंडलच्या मासिक वर्गणीच्या योजनेत २०१५ पासून लेखकाला वाचल्या गेलेल्या पानांच्या संख्येवर पैसे मिळतात. तेव्हा वाचन ही क्रिया आता पानागणिक मोजली जाते आणि तिचा तपशील लेखकापुढे रोज येतो. एवढ्या बारकाईने वाचकावर लक्ष ठेवणारी व्यवस्था साहित्याच्या इतिहासात पूर्वी नव्हती. मात्र वाचणाऱ्याने वाचून काय केले, तो अस्वस्थ झाला की सुखावला, पुस्तक मिटवून पुन्हा मागे का गेला, याविषयी ती मुकी आहे.

मार्क मॅकगर्ल या अमेरिकन समीक्षकाने २०२१ साली ॲमेझॉनच्या युगातील कादंबरीवर लिहिलेल्या पुस्तकात लेखकाचे सेवा पुरवणाऱ्यात आणि वाचकाचे ग्राहकात रूपांतर कसे होते, याची मांडणी केली आहे. ती मला मान्य आहे, पण अपुरी वाटते. पॉडकास्टच्या टप्प्यावर ग्राहकाचे आणखी एक रूपांतर होते. त्याला आता कथेऐवजी कथाकार होण्याची शक्यता विकली जाते. या दोन वस्तूंत मोठा फरक आहे. कथा वाचून संपते आणि आवडली नाही तर तसे म्हणता येते. कथाकार होण्याची शक्यता संपत नाही, आणि ती प्रत्यक्षात उतरली नाही तर दोष विकणाऱ्याकडे जात नाही, विकत घेणाऱ्याच्या चिकाटीकडे जातो.

हे समजून घेण्यासाठी आपल्याला परदेशी सिद्धान्तांकडेच धाव घेण्याचे कारण नाही. राजशेखराची 'काव्यमीमांसा' आपल्या अभ्यासक्रमात आहे; ती परीक्षेपुरती असते, ही गोष्ट वेगळी. संस्कृत परंपरेत कविशिक्षा नावाचा एक स्वतंत्र ग्रंथप्रकार आहे. राजशेखराचा ग्रंथ त्यात मोडतो, क्षेमेंद्राचे 'कविकंठाभरण' मोडते. कवीने काय शिकावे, कोणते विषय हाताळावेत, दुसऱ्याच्या काव्यातून काय व कसे उचलावे, याचे व्यावहारिक मार्गदर्शन हे ग्रंथ करतात. राजशेखर तर कवीची दिनचर्या सांगतो: कोणत्या प्रहरी अध्ययन, कोणत्या प्रहरी रचना, भोजनोत्तर काव्यगोष्ठी. घर कसे असावे, लेखनसाहित्य कोणते जवळ असावे, हेही सांगतो. पहाटे पाच वाजता उठून हजार शब्द कसे लिहावेत यावर तासभर बोलणारा आजचा पॉडकास्टकार ऐकताना मला दहाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच्या या कवीची आठवण येते, आणि ती चेष्टेने येत नाही. लेखन ही शिकण्यासारखी, सवयीने साधणारी कृती आहे, असे म्हणणारे लोक आपल्या परंपरेत प्रतिष्ठित होते. प्रतिभेचे गूढ वलय हे आपण फार पुढे, रोमँटिक इंग्रजी कवींकडून उसने घेतले. तेव्हा 'लेखन काय शिकवता येते?' असे नाक मुरडणाऱ्या आपल्या प्राध्यापकबंधूंनी आधी आपलाच अभ्यासक्रम वाचावा.

पण राजशेखराने आणखी एक भेद केला आहे, आणि माझा सारा युक्तिवाद त्यावर उभा आहे. प्रतिभा दोन प्रकारची: कारयित्री आणि भावयित्री. पहिली कवीवर उपकार करते, दुसरी भावकावर, म्हणजे आस्वादकावर, समीक्षकावर. कवीचे श्रम फळाला येतात ते भावयित्रीमुळे, असे तो मानतो. भावकांचे प्रकारही तो नोंदवतो: ज्याला काहीच रुचत नाही तो अरोचकी, गवतासकट सारे गिळणारा सतृणाभ्यवहारी, मत्सरी, आणि दुर्मीळ असा तत्त्वाभिनिवेशी. दिनचर्येतही दिवसाचा चौथा प्रहर सकाळी रचलेल्या काव्याच्या परीक्षणासाठी राखलेला आहे, कारण रसाच्या आवेशात रचना करणाऱ्याची विवेकदृष्टी शाबूत नसते. म्हणजे कविशिक्षेच्या आतच भावकाची खुर्ची मांडलेली आहे. पॉडकास्टच्या कविशिक्षेत ही खुर्ची रिकामी आहे. तेथे पाहुणा म्हणून येतो तो यशस्वी लेखक. त्याने आपले यश कसे मिळाले ते सांगावयाचे असते. त्याचे पुस्तक चांगले आहे का, हा प्रश्न कोणी विचारत नाही. शिष्टाचार म्हणून विचारत नाही असे नव्हे; तो प्रश्नच त्या संभाषणाच्या व्याकरणात बसत नाही. तासाभराच्या मुलाखतीत पाहुण्याच्या कादंबरीतील एकही परिच्छेद वाचून त्यावर दोघे बोलले आहेत, असे मी ऐकलेल्या भागांत जवळजवळ कधीच घडले नाही.

भावक नसला की काय होते, याचे एक उदाहरण जाहीरच आहे. २०२० च्या जुलैमध्ये डॉसनची 'द क्लीनर' ही कादंबरी एका प्रकाशनसंस्थेने पुठ्ठा-बांधणीत काढली. 'संडे टाइम्स'च्या खपाच्या यादीत ती तेराव्या क्रमांकाच्या आसपास आहे असे कळल्यावर डॉसनने एका पुस्तकविक्रेत्याकडून स्वतःच्याच पुस्तकाच्या ४०० प्रती सुमारे ३,६०० पौंडांना विकत घेतल्या आणि पुस्तक आठव्या क्रमांकावर गेले. परदेशांतील ज्या वाचकांना पुस्तक मिळत नव्हते त्यांच्यासाठी या प्रती घेतल्या, अशी त्याची भूमिका होती. आक्षेप आल्यावर खपाची नोंद ठेवणाऱ्या नील्सन या संस्थेने आकडे सुधारले आणि पुस्तक पहिल्या दहांतून बाहेर पडले. माझा रोख त्या खरेदीच्या नैतिकतेवर नाही. स्वतःच्या पुस्तकाच्या प्रती स्वतः विकत घेणारे लेखक मराठीत कमी नाहीत, आणि ग्रंथालयांच्या खरेदीयाद्या कशा तयार होतात ते आपण सारे जाणतो. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की ही हकीकत बाहेर आली ती कोणा शोधपत्रकारामुळे नव्हे. डॉसनने ती आपल्याच पॉडकास्टवर सांगितली होती. ज्या संभाषणविश्वात प्रत्येक कृतीचे मूल्यमापन 'हे चालले का?' एवढ्याच कसोटीवर होते, तेथे ही हकीकत कबुलीजबाब नसून पाठ होती. तिच्यात काही खटकण्याजोगे आहे हे खोलीबाहेरच्या माणसाला दिसले, खोलीतल्याला दिसले नाही.

आता मराठीकडे वळतो, कारण लेखनतंत्र शिकवणारा लोकप्रिय कादंबरीकार ही वस्तू आपल्याला नवी नाही. १९३१ साली 'प्रतिभासाधन' प्रसिद्ध झाले तेव्हा फडके हे मराठीतील सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या कादंबरीकारांपैकी एक होते. कथानकाची गुंफण, उत्कंठा, प्रारंभ आणि शेवट यांविषयी त्यांनी जे सांगितले, त्यातील बराच भाग आजच्या पॉडकास्टवर थोड्या शब्दांतराने ऐकावयास मिळेल. फरक कोठे आहे? फडक्यांच्या शिकवणुकीला लगेच प्रतिपक्ष मिळाला. जीवनासाठी कला की कलेसाठी कला हा फडके-खांडेकर वाद आज आपल्याला कंटाळवाणा वाटतो. माझ्याही विद्यार्थ्यांना तो प्रश्नपत्रिकेतील हमखास दहा गुणांचा प्रश्न वाटतो. पण त्या वादाने एक गोष्ट केली होती: तंत्र शिकवणाऱ्याला 'तंत्र कशासाठी?' या प्रश्नाचे उत्तर देण्यास भाग पाडले होते. आणि पुढे चाळीसच्या दशकात गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर यांची कथा आली, ती फडके-तंत्राला प्रत्यक्ष कृतीने दिलेले उत्तर होती. तंत्राची शिकवणूक, तिचे खंडन आणि त्या खंडनातून नवी निर्मिती ही साखळी नियतकालिकांमुळे शक्य झाली. नियतकालिकात संपादक होता, परीक्षक होता, पत्र लिहून भांडणारा वाचक होता.

स्वप्रकाशनही आपल्याला नवे नाही. ह. ना. आपटे यांनी १८९० साली 'करमणूक' सुरू केले आणि 'पण लक्षात कोण घेतो!' तीत क्रमशः छापली. लेखक आणि संपादक एकच होता. साठोत्तरी लघुनियतकालिकांची चळवळ तर उघडउघड स्वप्रकाशनाचीच. 'शब्द', 'असो', 'वाचा', 'फक्त', 'येरू' ही अनियतकालिके काढणाऱ्यांनी आपलेच लेखन आपण छापले. १९७६ साली अरुण कोलटकरांचे 'जेजुरी' ज्या क्लिअरिंग हाउसने काढले, ते कवींनी एकत्र येऊन चालवलेले प्रकाशन होते, आणि कोलटकर त्या कवींपैकी एक होते. या मंडळींना प्रस्थापित प्रकाशन नको होते, कारण प्रस्थापित अभिरुचीशी त्यांचे भांडण होते. किंडलवरील स्वप्रकाशित कादंबरीकाराचे प्रस्थापित अभिरुचीशी भांडण नाही. उलट, वाचकाला आधीच काय आवडते याचा कसोशीने शोध घेऊन तेच, त्याच मुखपृष्ठासह, त्याच ठिकाणी वळण घेऊन द्यावे, हा त्याच्या कविशिक्षेतील पहिला धडा आहे. भांडण आहे ते वाटणीच्या टक्केवारीशी. दोन्ही कृतींना 'स्वप्रकाशन' हा एकच शब्द वापरून जे लोक किंडलला लघुनियतकालिकांचा वारस ठरवतात, त्यांनी दोहोंपैकी एकही नीट वाचलेले नाही. भालचंद्र नेमाडे यांनी लेखकाचा 'लेखकराव' होण्याच्या प्रक्रियेची जी चिकित्सा केली, तिच्यातील लेखकराव सभा-संमेलनांत आणि सत्कारांत वावरणारा होता. नव्या लेखकरावाला हार-तुरे लागत नाहीत. त्याला मायक्रोफोन आणि दर आठवड्याला सांगण्याजोगी स्वतःची प्रगती लागते.

आवाजाविषयीही एक शब्द. काही अभ्यासक पॉडकास्टची सांगड आपल्या मौखिक परंपरेशी घालू पाहतात. कीर्तन, व्याख्यान आणि आता पॉडकास्ट, अशी एक सोयीची वंशावळ रचली जाते. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर हे तिघे गावोगाव कथाकथन करीत फिरले, हे खरे. पण ते कथा सांगत होते. कथा कशी लिहावी आणि कशी खपवावी हे ऐकावयास चावडीपुढे गर्दी जमली नव्हती. समोरचा श्रोता हसला नाही तर त्याच क्षणी कथाकाराला ते कळत होते. भावक देहाने उपस्थित होता.

येथपर्यंत वाचून माझे सहकारी समाधानाने मान डोलावत असतील तर त्यांना थोडा धक्का देणे आवश्यक आहे. या पॉडकास्टनी एक मोठे काम केले आहे, आणि ते आपण कधीच केले नाही. करारातील कोणते कलम लेखकाने मान्य करू नये, श्राव्य हक्क आणि अनुवादाचे हक्क वेगळे का ठेवावेत, विक्रीचा हिशेब कसा वाचावा, हे सारे त्यांनी मोकळेपणी सांगितले. मराठी लेखकाला आपल्या पुस्तकाच्या किती प्रती निघाल्या हेही पुष्कळदा खात्रीने ठाऊक नसते. आणि आपले स्वतःचे काय? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने पदोन्नतीसाठी गुणांकन आणले, आणि त्यानंतर प्राध्यापकांच्या पुस्तकांचा पूर आला. आयएसबीएन क्रमांक मिळवून देणारे, लेखकाकडूनच पैसे घेणारे प्रकाशक गल्लोगल्ली उभे राहिले. माझा स्वतःचा प्रबंध मी असाच छापला. प्रकाशकाने तीनशे प्रतींचे पैसे घेतले, दोनशे प्रती माझ्या दारात आणून टाकल्या, उरलेल्यांचा हिशेब अद्याप आलेला नाही. त्यांतल्या दीडशे माझ्या पलंगाखाली आहेत. हेही स्वप्रकाशनच. किंडलवरील कादंबरीकार निदान कोणीतरी वाचावे म्हणून छापतो. आम्ही छाननी समितीने मोजावे म्हणून छापतो. भावकाला विसर्जित करण्यात विद्यापीठीय समीक्षा बाजाराच्या मागे नाही, कदाचित पुढेच आहे. मग 'यात साहित्य कोठे आहे?' हा प्रश्न त्या समिती-सदस्यांनी कोणत्या अधिकाराने विचारला?

आणि आता वर्गातील एक प्रसंग, ज्याने मला हा लेख लिहावयास लावले. एम.ए.च्या वर्गात 'रणांगण' शिकवत होतो. एक विद्यार्थिनी, जी स्वतः 'प्रतिलिपी'वर मराठी कथामालिका लिहिते आणि जिला माझ्या साऱ्या पुस्तकांना मिळाले नसतील इतके वाचक आहेत, उठून म्हणाली, "सर, चक्रधरला नेमकं काय हवंय हे सुरुवातीला कळतच नाही. वाचक इथे थांबणार कशासाठी?" माझी पहिली प्रतिक्रिया संतापाची होती. १९३९ पासून वाचक थांबत आले आहेत, असे काहीतरी मी म्हणालो. घरी आल्यावर जाणवले की, तिने एक खरा काव्यशास्त्रीय प्रश्न विचारला होता: नायकाच्या इच्छेची स्पष्टता ही कथनाची अट आहे का? ज्या नायकाची इच्छाच गोठलेली आहे, त्याचे कथन वाचकाला कशाच्या आधारे पुढे नेते? या प्रश्नाला माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते. वीस वर्षे मी ती कादंबरी आशयसूत्र, पात्रचित्रण, वातावरणनिर्मिती आणि भाषाशैली या चार मथळ्यांखाली शिकवत होतो. रचना कशी चालते हे तिला पॉडकास्टने शिकवले होते, चुकीच्या मापाने का होईना. मी तिला तेवढेही शिकवले नव्हते. पुढच्या तासाला आम्ही त्या एकाच प्रश्नावर दोन तास बोललो. इच्छा सांगितली गेली नाही म्हणूनच वाचक तिचा शोध घेत राहतो, असे शेवटी तीच म्हणाली, आणि तिला ते मान्य झाले होते असे मात्र मला वाटत नाही.

कारयित्री भावयित्रीपासून तोडली की ती केवळ सूचनांची यादी उरते, आणि सूचनांची यादी पाळण्यात यंत्राइतका आज्ञाधारक शिष्य दुसरा नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये ॲमेझॉनला एका लेखकाने एका दिवसात नवी तीनहून अधिक पुस्तके चढवू नयेत असा निर्बंध घालावा लागला. दिवसाला तीन! या आकड्यावर लेखनविषयक पॉडकास्टवाले काळजी करत बसलेले नाहीत. जोआना पेनसारखे अनेकजण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराचे मोकळेपणी समर्थन करतात. त्यांच्या तर्कात विसंगती नाही. लेखन म्हणजे ठरलेल्या अपेक्षांची वेळेवर पूर्तता, असे एकदा मानले की ती कोण करतो याला अर्थ राहत नाही. 'लेखकाचा मृत्यू' बार्थने जाहीर केला तेव्हा त्या बदल्यात वाचकाचा जन्म त्याला अपेक्षित होता. येथे दोघांचेही काम यंत्रसामग्रीकडे जाण्याच्या बेतात आहे, आणि शिल्लक राहतो तो शिकवणाऱ्याचा आवाज.

तेव्हा संशोधन समितीला माझे उत्तर असे: आपण विचारता ते साहित्य या श्राव्य मालिकांत नाही. त्यांत एक काव्यशास्त्र आहे, आज जगात सर्वाधिक अनुसरले जाणारे. आपले विद्यार्थी ते कानात घालून वर्गात येतात. त्याची संहिता म्हणून चिकित्सा करणे, त्याच्या संज्ञा कोठून आल्या ते शोधणे, त्यातील गृहीतके फडक्यांशी आणि राजशेखराशी ताडून पाहणे हे मराठी विभागाचे काम नसेल, तर मग मराठी विभागाचे काम काय हे एकदा समितीने लेखी कळवावे.

लेखी काही आले नाही. विद्यार्थ्याला एक नवा विषय सुचवण्यात आला: एका दिवंगत कादंबरीकाराच्या कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रण. वयोमर्यादा आणि शिष्यवृत्तीची मुदत पाहता त्याने तो घेतला, आणि मीच त्याला घ्यावयास सांगितले. त्याने ऐकलेल्या चाळीस भागांच्या टिपणांच्या दोन वह्या माझ्याकडे आहेत. प्रत्येक भागापुढे त्याने एक रकाना आखला होता: या भागात एखाद्या पुस्तकातील वाक्य कोणी वाचून दाखवले का? चाळीसपैकी सदतीस ठिकाणी त्याने आडवी रेघ मारली आहे.